हौद्याखालचं मीठ

जुनी गाडी म्हटलं की जो तो आधी इंजिनाचं विचारतो. धूर मारते का, ॲव्हरेज काय देते, ऑइल पिते का. आमची पिकअप २०१० सालची बोलेरो आहे. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, आणि त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ऑइल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलले, डिझेल फिल्टरखाली साठलेलं पाणी काढत राहिलं, एवढ्यावर ते चालतं. पण आमची गाडी मासळी वाहते, आणि मासळीच्या गाडीचं आयुष्य ठरतं ते हौद्याखाली, म्हणजे मागे माल ठेवायच्या भागाखाली. तिथे सहसा कुणी वाकून बघत नाही. गेल्या मे-जूनमध्ये मी गाडीखाली शिरून जे काम केलं, ते आमच्यासारख्या इतर गाडीवाल्यांच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

आई आणि वहिनी बेलापूरच्या दिवाळे गावच्या बाजारात मासळी विकायला बसतात. पहाटे मुंबईत ससून डॉक किंवा भाऊच्या धक्क्यावर माल घ्यायचा, वर बर्फाचा चुरा घालायचा आणि वाशीची खाडी ओलांडून उजाडता उजाडता बेलापूर गाठायचं. तेवढ्या वेळात बर्फ वितळतो. ते पाणी क्रेटमधून खाली झिरपतं, हौद्याच्या सांध्यांतून चॅसीवर (गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर), कमानपाट्यांवर (पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर) आणि ब्रेकच्या पाइपांवर टपकत राहतं. त्यात मासळीचा चिकट अंश असतो, खवले असतात आणि मीठ असतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ विरघळलेलं असतं. बर्फाच्या पाण्याने ते पातळ होतं खरं, पण रोज थोडं थोडं मागे राहून त्याचा थर चढतो.

हा थर वाळला की गाडी कोरडी झाली असं वाटतं. तसं नसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं आणि आपोआप ओलं होतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाणी सोडतं, तेच इथे लोखंडावर घडतं. आपल्या खाडीकाठी जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याहून दमट असते. म्हणजे शेडमध्ये उभी असलेली, पावसाचा थेंबही न लागलेली गाडी आतून रात्रभर खारट ओलीत असते. हे नीट समजलं तेव्हापासून मी ‘गाडी पावसात ठेवू नका’ यापेक्षा ‘गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा’ हेच सगळ्यांना सांगतो.

कामासाठी मे निवडण्याचं कारण गावात सगळ्यांना माहीत आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. त्याच्या आधी-नंतर बंदरांवर बोटी काठावर ओढून घासणं, रंगवणं सुरू होतं. धंदाही मंदावतो, त्यामुळे गाडी सलग मोकळी मिळते. रंगाचं आणि गंजाचं काम मेच्या उन्हातच उरकावं लागतं. पाऊस लागल्यावर घासलेल्या पत्र्यावर तासा-दोन तासांत पुन्हा तांबूस झाक येते आणि त्यावर लावलेला रंग टिकत नाही. ब्रेकचं आणि वायरिंगचं काम मात्र शेडमध्ये पावसातही होतं, ते मी जूनवर ठेवलं.

पहिलं काम धुण्याचं. हौदा रिकामा करून, फाळका (हौद्याचं मागचं दार) उघडून, भावोजींचा प्रेशर वॉशर आणला आणि गाडी वरून नाही, खालून धुतली. चॅसीच्या लांब दांड्यांना तळाशी पाणी निघून जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. ती खवले आणि चिखल यांनी बुजून गेली होती. जाड तारेने ती एकेक मोकळी केली तेव्हा काही ठिकाणी आतून काळपट, घाण वास मारणारं पाणी बाहेर आलं. ते पाणी तिथे किती काळ होतं कोण जाणे. ही भोकं मोकळी ठेवणं हे माझ्या मते मासळीच्या गाडीचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महत्त्वाचं काम आहे. प्रेशर वॉशर मारताना डायनामो, वायरिंगचे जोड, व्हील बेअरिंगची सीलं आणि रेडिएटरची जाळी यांच्यावर थेट धार धरायची नाही, एवढं सांभाळायचं.

गाडी उन्हात दोन दिवस खडखडीत वाळू दिली आणि मग शेजारच्या काकांना बोलावलं. काकांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं आहे. ते आले, चॅसीवरचा काळा रंग हाताने चाचपला आणि म्हणाले, “रंगावर जाऊ नकोस रे. ठोकून ऐक.” छोटा हातोडा घेऊन त्यांनी पुढून मागे एकेक वीत ठोकत नेलं. चांगलं लोखंड ठणठणीत वाजतं. सडलेलं भद्द वाजतं, आणि तिथे जाड स्क्रू ड्रायव्हर दाबला की पापुद्रे निघतात. मी खडूने खुणा करत गेलो. मुख्य दांड्या शाबूत निघाल्या, आणि मला खरा आनंद तिथेच झाला, कारण दांडी गेली असती तर पुढचं सगळं काम व्यर्थ होतं. हौद्याखालच्या आडव्या पट्ट्यांपैकी मागची एक आणि फाळक्याजवळचा तळाचा पत्रा मात्र गेला होता. स्टेपनी धरून ठेवणारी पट्टीही खूप झिजली होती. चालत्या गाडीची स्टेपनी हायवेवर सुटली तर मागच्याचा जीव जातो, म्हणून ती पट्टी मी डागडुजी न करता नवीच घेतली.

गाडीखाली जाण्याबद्दल इथेच सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. सपाट, टणक जमीन हवी, पुढच्या चाकांना ठोकळे हवेत, गाडी गियरमध्ये हवी, आणि ॲक्सलखाली वजन पेलणारे पक्के स्टँड हवेत. विटा चालत नाहीत, वीट एका क्षणात भुगा होते. मी स्टँड लावल्यावर गाडीला जोरात धक्का देऊन बघतो, आणि सोडवलेलं चाक चॅसीखाली आडवं सरकवून ठेवतो. घरात पोरंबाळं असतील तर काम चालू असताना त्यांना अंगणातूनच लांब ठेवावं.

वेल्डिंग मी स्वतः करत नाही. तुर्भ्याहून एक वेल्डर यायला तयार झाला. तो येण्याआधी बॅटरीची दोन्ही टर्मिनल काढून ठेवली, डायनामोची वायर सोडवली, डिझेलच्या टाकीच्या बाजूला भिजवलेली गोणपाटं टाकली आणि पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या. सडलेल्या पत्र्यावर नुसता ठिगळ मारून उपयोग नाही. गंज तसाच आत राहतो आणि वर्षभरात ठिगळाच्या कडेने बाहेर येतो. म्हणून जिथे चकचकीत लोखंड लागलं तिथपर्यंत कापायला लावलं. तळाला नवी चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा जाड पत्रा), तिच्याखाली नवी आडवी पट्टी. वेल्डरला यात वेळ गेला आणि त्याची त्याने मजुरी घेतली, ती योग्यच होती.

मग गंज घासणं. या कामाला हुशारी लागत नाही, खांदे लागतात. ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून मोठे भाग, हाताच्या वायर ब्रशने कोपरे आणि पॉलिश पेपरने कडा. डोळ्यांना गॉगल आणि तोंडाला मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर चालू करायचा नाही, कारण तारेचे तुकडे सुटून उडतात. सगळा गंज कधीच निघत नाही, खड्ड्यांत थोडा राहतोच. त्यासाठी फॉस्फोरिक आम्ल असलेलं गंज बदलणारं द्रावण मिळतं. ते लावलं की तांबडा गंज काळपट होऊन घट्ट बसतो. डब्यावर लिहिलेला वेळ पाळून ते वाळू दिलं, त्यावर प्रायमर, आणि प्रायमर वाळल्यावर चॅसीचा काळा रंग दोन हात. चॅसीच्या पोकळ भागांत ब्रश जात नाही. तिथे लांब नळीच्या स्प्रेने मेण मारलं. हे मेण पातळ असताना फटींत शिरतं आणि मग तिथेच पातळ थर धरून राहतं. मेण मारून झाल्यावर पाण्याची भोकं पुन्हा तारेने मोकळी करायची, नाहीतर तीच मेणाने बंद होतात.

आमच्याकडे चॅसीला जळकं ऑइल फासण्याची जुनी पद्धत आहे. मी ती सोडली आहे. ऑइल रबराचे बुश आणि होज फुगवतं, त्यावर धूळ बसून चिखलाचा लगदा होतो आणि तो लगदाच पुढे ओल धरून ठेवतो. पहिल्या पावसात ते धुऊन खाडीत जातं ते वेगळंच. ज्या खाडीतून आपण खातो तिच्यात आपणच जळकं ऑइल सोडायचं हे मला पटत नाही. इंजिनातून काढलेलं ऑइल मी कॅनमध्ये भरून गॅरेजवर देतो, तिथून ते जुनं ऑइल गोळा करणारे नेतात.

घासून रंगवून झालं तरी पाणी पुन्हा त्याच वाटेने खाली गेलं असतं, तर दोन वर्षांनी पुन्हा हेच करावं लागलं असतं. म्हणून नवीन तळ बसवताना त्याला मागे आणि डावीकडे किंचित उतार दिला. सांधे सीलंटने भरले. डाव्या कोपऱ्यात एक भोक, त्याला जाड प्लास्टिकची नळी, आणि नळी थेट हौद्याच्या कडेला बांधलेल्या मोठ्या कॅनमध्ये. वितळलेलं पाणी आता कमानपाट्यांवर पडत नाही आणि रस्त्यावरही सांडत नाही. मासळीचं पाणी रस्त्यावर पडलं की मागून येणारी दुचाकी घसरते, हे सायन-पनवेल रस्त्यावर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कॅन गावात आल्यावर रिकामा करायचा, नळीतून साधं पाणी सोडायचं, झालं. वहिनीला ही सोय इतकी पटली की तिने धंद्यातल्या दोघा-तिघांना आणून दाखवली.

जूनमध्ये ब्रेक घेतले. ब्रेक स्वतः करावेत का, यावर दोन मतं असू शकतात. माझं मत असं की ज्याने आधी कुणा जाणत्याच्या हाताखाली केलंय त्याने करावेत, आणि झाल्यावर जाणत्याकडून बघून घ्यावेत. काका होते म्हणून मी हात घातला.

मागची चाकं काढली. ड्रम गंजाने जाम होते. अशा वेळी घणाने ठोकत बसलं तर ड्रमला तडा जातो. हँडब्रेक सोडून, मागच्या बाजूच्या खाचेतून ॲडजस्टर ढिला केला, हबच्या कडेला गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं आणि ड्रमवर आटे असलेली जी दोन भोकं असतात त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने पिळत गेलो. ड्रम स्वतःहून मागे सरकत आला. आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ती छातीत जाते. ओल्या फडक्याने पुसून फडकं टाकून द्यायचं. ड्रमला आतून घासून गाडी थांबवणारे लायनर झिजून रिव्हेटपर्यंत यायला थोडाच अवकाश होता. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला असतो, काकांनी मोजून बघितलं, ड्रम अजून चालण्यासारखे होते. लायनर ड्रमवर दाबणाऱ्या डाव्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसत होती, म्हणजे ब्रेक ऑइल झिरपत होतं. जुने सुटे भाग मीही घेतो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणलेला दरवाजा गाडीला लावलेला आहे. पण ब्रेकचं रबर, सिलिंडर आणि होज हे पाकीटबंद नवेच घ्यायचे, यात काटकसर नको.

पुढून मागे जाणारा लोखंडी ब्रेक पाइप एका क्लिपखाली गंजून खरबरीत झाला होता. क्लिपमागे मीठ अडकून राहतं, पाइप तिथेच जातो, म्हणून तपासताना क्लिप काढून बघावी. तो पाइप तयार मापाचा करून आणला आणि नव्या क्लिपांनी बसवला.

त्यानंतर सगळं ब्रेक ऑइल बदललं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल शोषलेल्या ऑइलची ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकते. भरलेली गाडी उतारावरून येताना ब्रेक तापले आणि ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते आणि पॅडल थेट खाली जातं. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ते बदलायला हवं. साफ करायला डिझेल किंवा पेट्रोल वापरायचं नाही, त्याने आतली रबरं फुगतात.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढायला दोन माणसं लागतात. पुतण्या आत बसला, मी खाली. पॅडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, मग पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. चाकामागच्या निपलला (ऑइल सोडायच्या छोट्या तोटीला) पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवलेलं.

“काका, मारू?” पुतण्या मला विचारायचा.

“मार, सावकाश. हां, आता दाबून धर. सोडू नकोस हं.”

निपल अर्धा आटा उघडायचा, बुडबुडे आणि काळं ऑइल बाहेर येतं, निपल बंद करायचा, मगच “सोड”. निपल उघडा असताना पाय उचलला की बाहेरची हवा आत ओढली जाते. पोराला हे एकदा नीट समजावलं आणि पुढे तोच मला “बंद केलंस ना?” विचारायला लागला. मधूनमधून वरची टाकी भरत राहायची, ती रिकामी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. चारही चाकांतून स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल आलं तेव्हा पॅडल वरच्या वर घट्ट लागलं. इंजिन चालू केल्यावर ते जरासं खाली गेलं, तसं जायलाच हवं, म्हणजे व्हॅक्युमवर चालून पायाचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय. डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा आपला व्हॅक्युम नसतो, आमच्या गाडीत डायनामोच्या मागचा छोटा पंप तो तयार करतो. म्हणून डायनामोचं काम निघालं तर ते ब्रेकचंही काम आहे असं समजावं.

वायरिंगमध्ये एकच गोष्ट मोठी निघाली. गेले काही महिने पहाटे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) रडत फिरायचा. दोन ठिकाणी सांगितलं गेलं की बॅटरी गेली, एका ठिकाणी सेल्फ उघडायला सांगितलं. मी आधी साधा मल्टिमीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी भरलेली. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास, म्हणजे डायनामोही ठीक. मग मीटरची एक टोचणी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरून पुतण्याला सेल्फ मारायला सांगितला. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगच्या वाटेत अडथळा आहे. आमच्याकडे दीड व्होल्टच्या वर गेलं. इंजिन आणि चॅसी जोडणारी अर्थिंगची पट्टी काढली तर टोकाच्या लगच्या (कडीच्या) आत हिरवट भुकटी, तारा निम्म्या खाल्लेल्या. पट्टी नवी घातली, चॅसीवरची जागा चकचकीत घासली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीच्या खांबांवरची पांढरी भुकटी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुतली. सेल्फ पहिल्या फटक्यात फिरायला लागला, हेडलाइटही उजळले. बॅटरी तीच आहे.

ग्रीसिंगबद्दल थोडक्यात. शॅकल (कमानपाट्यांचं टोक धरणारा जोड) आणि प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस यांच्या ग्रीस भरायच्या निपलांमध्ये जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारायचा. आधी निपल पुसून घ्यायचा, नाहीतर त्यावरची वाळू आपणच आत ढकलतो. कमानपाट्यांचे यू बोल्ट आवळून, थोडी गाडी चालवून पुन्हा आवळले.

ब्रेकची चाचणी पहाटे रिकाम्या रस्त्यावर आधी अगदी हळू, मग थोड्या वेगात घेतली, आणि हँडब्रेक पारसिक हिलच्या चढावर भरलेल्या हौद्यासह. गाडी जागची हलली नाही. काकांनी स्वतः चालवून बघितली आणि मगच आईला गाडीत बसू दिलं.

आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. आमची तारीख जुलैत होती. जाण्याआधी मागे लाल, बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी अशी रिफ्लेक्टर टेप नवी लावली, कारण खाऱ्या पाण्याने जुनी सोलून आली होती. वायपरची रबरं, हॉर्न, सगळे दिवे, नंबर प्लेट, पीयूसी बघून घेतलं. तपासणाऱ्या साहेबांनी गाडीखाली टॉर्च मारला, हौद्याची नळी आणि कॅन कशासाठी ते विचारलं, ब्रेक घेऊन बघितले आणि सही केली.

आता रोजचा नेम ठरलेला आहे. माल उतरला की हौदा आणि खालची बाजू गोड्या पाण्याने धुवायची, महिन्यातून एकदा तारेने भोकं मोकळी करायची. पाणीकपातीच्या दिवसांत दोन बादल्या आणि फवारणीचा पंप यांवर भागवतो. क्लच प्लेट दिवाळीपर्यंत निघेल असं दिसतंय, पण गियरबॉक्स उतरवण्याचं काम अंगणातलं नाही, ते गॅरेजलाच देणार. डावीकडच्या कमानीतला दुसरा पाटा टोकाशी झिजलाय. तो मात्र पाऊस उघडला की काकांना घेऊन मीच बदलणार आहे, आणि पाटे एकत्र धरणारा नवा सेंटर बोल्ट आत्ताच आणून ठेवलाय.